ट्रॉयची राणी गोराईच्या गवतात

महाराष्ट्राने २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू जाहीर केलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. मान मिळाला तो ब्ल्यू मॉरमॉनला: काळेभोर मखमली पंख, त्यावर निळसर झळाळी, तळहाताएवढा आकार आणि ऐटदार उड्डाण. मराठीत त्याला निलवंत म्हणतात. शास्त्रज्ञांच्या यादीत मात्र ते ‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर’ आहे, आणि हा पॉलिम्नेस्टर काही भला माणूस नव्हे. तो ग्रीक कथेतला थ्रेसचा राजा. ट्रॉयला वेढा पडला तेव्हा प्रायम राजाने आपला धाकटा मुलगा पॉलिडोरस याला भरपूर सोनं बरोबर देऊन या राजाकडे पाठवलं. राजा घरचाच, जावई. पोर त्याच्याकडे सुखरूप राहील असा भरवसा होता. ट्रॉय पडल्याचं कळताच जावयाने पोराला मारलं, सोनं ठेवून घेतलं आणि प्रेत समुद्रात फेकून दिलं. मुलाची आई हेकाबी तोवर ग्रीकांची बंदिवान झाली होती. तिने त्याला गोड बोलून बोलावून घेतलं आणि त्याचे डोळे फोडले.

ही हेकाबीसुद्धा आपल्याकडेच आहे. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून गोराईत उतरलं, की पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजलेल्या टाकळ्यावर आणि गवतावर जी लहानशी पिवळीधमक फुलपाखरं जमिनीलगत भिरभिरतात, त्यांतलं सगळ्यात नेहमीचं ‘युरेमा हेकाबी’. तिचा थोरला मुलगा हेक्टर म्हणजे लाल अंगाचं, काळ्या पंखांचं ‘पॅक्लिऑप्टा हेक्टर’. दुसरा मुलगा पॉलिटीस कढीपत्त्याच्या झाडाभोवती घिरट्या घालतो. हेलेनस नावाचा आणखी एक मुलगा सह्याद्रीच्या ओल्या जंगलात आढळतो. शत्रुपक्षही गैरहजर नाही. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन बोरिवली-कांदिवलीच्या सोसायट्यांत लावलेल्या सरळसोट अशोकावर अंडी घालतो, आणि गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते ती डेमोलिअस या ग्रीक योद्ध्याचं नाव धारण करणाऱ्या लिंबाळीची. होमर आणि व्हर्जिल यांची अर्धी पात्रं मुंबईच्या उपनगरांत उडताहेत आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

एवढं सगळं ट्रॉय इथे कुठून आलं, कुणी आणलं, त्यात कुठे चुका झाल्या आणि त्या कुणी दुरुस्त केल्या, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय नावांचा आहे, तरी तो शब्दकोशाचा नाही. व्यापारी जहाजं, राजवाड्यांतले संग्रह, मिशनरी, लष्करी अधिकारी, मिठागरांवर देखरेख करणारे कारकुनी पेशातले हौशी लोक आणि घरात अळ्या पाळणारे वेडे यांच्याशिवाय तो सांगताच येत नाही.

सुरुवात स्वीडनपासून. उप्साला विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक कार्ल लिनियस यांनी १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. त्याआधी एखाद्या कीटकाचं लॅटिन नाव म्हणजे एक अख्खं वाक्य असे: पंख असे, ठिपके तसे, शेपटी अमुक. नवा नमुना मिळाला की वाक्य आणखी लांबायचं. लिनियसने वर्णन वेगळं ठेवलं आणि नाव दोनच शब्दांचं केलं. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. या दुसऱ्या शब्दाने काही वर्णन करावं अशी त्याची अट नव्हती. तो लक्षात राहिला म्हणजे पुरे. प्राण्यांच्या नामकरणाचा प्रारंभबिंदू म्हणून आजही १ जानेवारी १७५८ हीच तारीख धरतात. त्याआधी कुणी कितीही सुंदर नाव दिलेलं असो, ते ग्राह्य नाही.

लिनियसला ठाऊक असलेली फुलपाखरं होती जेमतेम १९० च्या आसपास, आणि ती सगळी त्याने ‘पॅपिलिओ’ या एकाच वंशात घातली. मग त्यांचे गट पाडले. मोठ्या, रुबाबदार पंखांच्या फुलपाखरांना त्याने सरदारांचा दर्जा दिला आणि त्या सरदारांचे दोन पक्ष केले. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे लाल ठिपके ते ट्रॉयचे, ज्यांची छाती डागाविना ते ग्रीकांचे. हरलेल्या बाजूच्या छातीवर जखमा. वर्गीकरणाच्या रुक्ष ग्रंथात एवढी कविता त्याने करून ठेवली आहे. गोराईच्या एखाद्या वाडीत हेक्टर फुलावर बसलेला दिसला, की त्याच्या लालभडक अंगाकडे पाहून लिनियसला काय सुचलं असेल ते लगेच कळतं. दुसऱ्या एका गटाला त्याने डॅनॉस राजाच्या कथेतली नावं दिली. डॅनॉसला पन्नास मुली, त्याचा भाऊ ईजिप्टसला पन्नास मुलगे, आणि सगळ्यांची एकमेकांशी लग्नं. बापाच्या सांगण्यावरून मुलींनी पहिल्याच रात्री नवऱ्यांना ठार केलं. एकीने तेवढं केलं नाही; ती हायपर्मनेस्ट्रा, आणि तिचं नाव नारळ-ताडाच्या पानांवर वाढणाऱ्या एका तपकिरी फुलपाखराला मिळालं. मारल्या गेलेल्या नवऱ्यांपैकी क्रिसिपस आज रुईच्या झुडपांभोवती संथपणे उडताना दिसतो. मराठीतला बिबळ्या कडवा तो हाच.

लिनियस भारतात कधी आला नाही. त्याच्यासमोर होते ते टाचण्या टोचलेले, वाळलेले नमुने, त्यांतले काही राणी लुइसा उलरिकाच्या संग्रहातले. नमुना मुळात कोणत्या गावचा, कोणत्या झाडावरचा, कोणत्या महिन्यातला, हे बहुतेक वेळा कुणी टिपून ठेवलेलंच नसे. ‘इंडीज’ एवढा एक शब्द म्हणजे अर्धा आशिया. त्याचा शिष्य योहान ख्रिस्तियन फॅब्रिसियस याची गोष्टही तीच. त्याने जवळजवळ दहा हजार कीटकांना नावं दिली. भारतातले कितीतरी नमुने त्याच्यापर्यंत पोचले ते तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून, म्हणजे तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतून. लिनियसचाच एक विद्यार्थी, वैद्य योहान गेरहार्ड क्योनिग, तिथे १७६८ पासून राहत होता. फॅब्रिसियसने १७७५ साली नाव दिलेलं ‘कोलोटिस अमाटा’ हे गुलाबी-केशरी फुलपाखरू मुंबईच्या खाड्यांच्या कडेला, तिवरांच्या मागे वाढणाऱ्या पिलूच्या, म्हणजे मिसवाकाच्या झुडपांवर जगतं. अमाटा म्हणजे लाडकी. खारवटलेल्या, उपेक्षित जमिनीवरच्या या फुलपाखराला मिळालेलं नाव मोठं साजेसं आहे.

आणि त्याच १७७५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पीटर क्रामरच्या ग्रंथाचे भाग निघू लागले. क्रामर लोकर आणि तागाच्या कापडाचा व्यापारी. डच व्यापारी जहाजांतून आलेली परदेशी फुलपाखरं त्याने आणि त्याच्या मित्रांनी जमवली, चित्रकाराकडून ती हुबेहूब रंगवून घेतली आणि लिनियसच्या पद्धतीने त्यांना नावं दिली. चारशे रंगीत चित्रपानांचा हा ग्रंथ १७८२ साली पुरा झाला. क्रामर मात्र १७७६ मध्येच वारला; उरलेलं काम कास्पर स्टोलने तडीस नेलं. निलवंताचं ‘पॉलिम्नेस्टर’ हे नाव क्रामरचं. लिनियसने लावलेला ट्रॉयचा खेळ त्याने पुढे चालवला, एवढाच त्याचा अर्थ. त्या बिचाऱ्या फुलपाखराच्या स्वभावाशी थ्रेसच्या राजाचा काही संबंध नाही. त्याच्या अळ्या माकडलिंबासारख्या लिंबूवर्गीय झाडांची पानं खातात आणि कुणाचा विश्वासघात करत नाहीत.

मेलेल्या नमुन्यावरून नाव देण्यात मोठा धोका होता आणि तो लवकरच दिसू लागला.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण पॉलिटीसचं. लिनियसने १७५८ मध्ये ‘पॅमॉन’ आणि ‘पॉलिटीस’ अशी दोन वेगळी फुलपाखरं नोंदवली. दोघांची नावं प्रायमच्याच मुलांची. क्रामरने आणखी एक सापडल्याचं मानून त्याला ‘रोम्युलस’ म्हटलं. प्रत्यक्षात पॅमॉन हा नर. पॉलिटीस ही त्याचीच मादी. रोम्युलस हीसुद्धा त्याचीच मादी, फक्त वेगळ्या वेषातली. एकीचं सोंग एका विषारी फुलपाखराचं, दुसरीचं हेक्टरचं, आणि तिसऱ्या प्रकारची मादी सरळ नरासारखीच दिसते. आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाय प्रदेशातल्या पॅपिलिओंवर १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकाच जातीच्या माद्या अशा निरनिराळ्या रूपांच्या असतात हे मांडलं आणि तीन नावांचा एक संसार झाला. नियमाने ‘पॉलिटीस’ टिकलं, बाकीची समानार्थी म्हणून मागे पडली. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात. लिनियसला जे कळलं नव्हतं ते या नावात आपोआप आलं आहे. कहाणी इथे संपत नाही. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांना माहीत असलेले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिलं, की बहुरूपीच्या मादीचे हे सगळे वेष ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या ताब्यात आहेत. अडीचशे वर्षांपूर्वी नाव देताना जो घोटाळा झाला, त्याचं मूळ शेवटी डीएनएत सापडलं.

दुसरा घोटाळा ऋतूंनी केला, आणि तो युरोपात बसून सुटणं अशक्यच होतं, कारण तिथे मोसमी पाऊस नाही. डोळ्यांसारख्या मोठ्या ठिपक्यांचं केशरी फुलपाखरू आपल्याकडे बागेत, शेतात, ओढ्याकाठी दिसतं. लिनियसने त्याच्या कोरड्या ऋतूतल्या रूपाला ‘अल्माना’ म्हटलं, कारण त्याच्या पंखांची कड वाळक्या पानासारखी कातरलेली आणि खालची बाजू मातकट. पावसाळी रूपाच्या पंखांखाली ठसठशीत डोळे असतात. त्याला त्याने ‘अ‍ॅस्टेरी’ केलं. संध्याकाळी दिव्याजवळ घरात शिरणाऱ्या तपकिरी फुलपाखराचं तेच. पावसाळ्यातलं ते ‘लीडा’, उन्हाळ्यातलं ‘इस्मीनी’. लिओनेल द नीसेव्हिल याने १८८० च्या दशकात कलकत्त्यात अळ्या पाळून, त्याच अंड्यांतून ऋतूनुसार दोन्ही रूपं निघतात हे दाखवलं. अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू हा सगळा प्रवास कुणीतरी डोळ्यांदेखत पाहिल्याशिवाय नाव पक्कं होत नाही, ही गोष्ट इथल्या अभ्यासकांनी सिद्ध केली. या पुस्तकाचा सगळा रोख त्याच दिशेने आहे.

मुंबईचा वाटा इथे सुरू होतो. सप्टेंबर १८८३ मध्ये आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. तिसरा होता कर्नल चार्ल्स स्विनहो, लष्करी अधिकारी आणि पतंग-फुलपाखरांचा कसून अभ्यास करणारा. मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवरचा त्याचा लेख लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८८५ साली आला. आणि चौथा एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, ‘ईएचए’ या सहीने लिहिणारा. याचा जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने काही वर्षं लॅटिन शिकवलं आणि मग कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरी धरली. उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची सीमा अशा ठिकाणी त्याच्या बदल्या होत राहिल्या. व्हर्जिल शिकवलेला माणूस कोकणपट्टीत फुलपाखरं पाहत हिंडतो आणि त्याला जागोजागी व्हर्जिलचीच पात्रं भेटतात, या योगायोगावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. विशेष म्हणजे स्वतः एटकिनचं नाव फुलपाखराऐवजी एका डासाला मिळालं: ‘अ‍ॅनॉफिलिस एटकेनाय’.

एटकिन, जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि जंगल खात्यातला टी. आर. बेल हे तिघे कारवारच्या परिसरात एकत्र आले, आणि सोसायटीच्या नियतकालिकात १८९० च्या दशकात उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांवर त्यांची लेखमाला आली. तिचं मोल जातींच्या यादीपेक्षा अळ्यांच्या वर्णनांत आहे. कोणती अळी कोणत्या झाडावर, पानाची गुंडाळी कशी करते, कोष कुठे बांधते, मुंग्या तिच्याभोवती का फिरतात. बेलने पुढे १९०९ पासून मैदानी प्रदेशातल्या सामान्य फुलपाखरांवर जवळजवळ दोन दशकं लिहिलं. १९४८ साली तो कारवारलाच वारला. नावं देणाऱ्यांच्या यादीत बेलचं स्थान मोठं नाही. दिलेली नावं खरी आहेत का, हे तपासणाऱ्यांत मात्र त्याच्याइतका चिकाटीचा माणूस सापडणं कठीण.

दरम्यान लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात फ्रेडरिक मूर बसला होता, आणि त्याच्या हातून ग्रीकांची सद्दी संपत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होमरची पात्रं पुरेनाशी झाली आणि मूरने भारतीय वाटणाऱ्या नावांचा सपाटाच लावला: तिरुमला, सुरेंद्र, रथिंद, गंगारा, बदामिया, सारंगेसा, ताजुरिया. अप्पिआस इंद्र त्याचंच. साध्या तपकिरी अंगाच्या, डोळेदार ‘इप्थिमा’च्या एका उपजातीला त्याने ‘महरट्टा’ केलं. इतरांनीही हा कित्ता गिरवला: वेस्टवुडने १८७२ मध्ये दक्षिणेच्या जंगलातल्या एका हिरव्या-निळ्या पट्ट्याच्या फुलपाखराला ‘पॅपिलिओ बुद्ध’ म्हटलं आणि ऑस्ट्रियाच्या फेल्डर पितापुत्रांनी १८६७ मध्ये दुसऱ्या एकाला ‘भरत’. यातली काही नावं मनापासून दिलेली, काही केवळ नाद पाहून. गंगारा नारळाच्या वाडीत वाढतं. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब धागे असतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती अळी वाटतच नाही. गोराई-मनोरीच्या नारळांखाली लहानपण घालवलेल्या माणसाला ‘गंगारा’ हा शब्द ऐकून काही आठवणार नाही, पण ती पांढरी झिपरी अळी सांगितली की तो ओळखेल.

मूरला एक खोड होती. जरा फरक दिसला की नवा वंश. कावळ्यासारख्या काळ्या ‘युप्लिया’ फुलपाखरांचे त्याने १८८३ मध्ये इतके तुकडे केले, की नंतरच्या पिढीला ते पुन्हा एकत्र करावे लागले. या क्षेत्रातला मुख्य वाद खरं तर हाच आहे: तोडणारे आणि जोडणारे. जर्मन हान्स फ्रूस्टॉर्फरने डोंगर बदलला की उपजात बदलली असं धोरण ठेवलं. डब्ल्यू. एच. एव्हान्स या लष्करी अभियंत्याने फुलपाखरांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासून स्किपर कुलाची घडी नव्याने बसवली. बाहेरून हुबेहूब सारखी दिसणारी, आतून वेगळी असलेली फुलपाखरं त्यातून ओळखता आली. एम. ए. विंटर-ब्लाइथचं १९५७ चं पुस्तक, आयझॅक किहीमकर यांचं २००८ चं, पराग रांगणेकरांचं गोव्याच्या फुलपाखरांवरचं, ही त्या परंपरेतली सर्वसामान्यांच्या हाती आलेली फळं. आता डीएनए आला आहे आणि तो कुणाचीच भीड ठेवत नाही. वर्षानुवर्षं पाठ केलेले वंश तो एकात मिसळतो किंवा फोडतो.

या धामधुमीत नावं टिकतात कशी? त्यासाठी कायदा आहे. ब्रिटिश विद्वानांनी १८४२ मध्ये स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने नियमांचा पहिला मसुदा केला; आज चालतो तो आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू. त्यातलं मुख्य कलम अग्रक्रमाचं. आधी छापलं गेलेलं नाव वैध, मागाहूनचं बाद. दुसरं कलम नमुन्याचं. प्रत्येक नावामागे एक ठरावीक नमुना कुठल्या तरी संग्रहालयात टाचलेला असतो, आणि वाद झाला की त्याच्याकडे जावं लागतं. लिनियसचा संग्रह १७८४ साली एका इंग्रज तरुणाने विकत घेतला, तो आजही लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. आपल्या अंगणातल्या कितीतरी फुलपाखरांचा मूळ पुरावा असा लंडनच्या लाकडी पेट्यांत पडून आहे. हे विसरून चालणार नाही, आणि त्यावर नुसता संताप करूनही काही साधत नाही.

कंसाचा नियमही एकदा समजून घेतला की याद्या बोलू लागतात. ‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर क्रामर, १७७५’ इथे क्रामर कंसात नाही, कारण त्याने ज्या वंशात घातलं तिथेच ते आजही आहे. ‘डॅनॉस क्रिसिपस (लिनियस, १७५८)’ इथे लिनियस कंसात, कारण वंश नंतर बदलला. दोन कंसांत एवढा इतिहास मावतो.

आज या सगळ्याची गरज काय, असं कुणी विचारेल. पहिलं उत्तर न्यायालयातलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या अनुसूचीत प्राण्यांची ओळख शास्त्रीय नावानेच पक्की होते. हेक्टर तिथे कैक वर्षं ‘पॉलिडोरस हेक्टर’ या जुन्या वंशनावाने होता, अभ्यासक त्याला ‘पॅक्लिऑप्टा’ म्हणत असताना. जातीचं नाव तेच राहिलं म्हणून ओळख पटली. छोटा चांदवा, म्हणजे ‘हायपोलिम्नस मिसिपस’, याच्या बाबतीत पेच आणखी अवघड. त्याचा नर काळा, पांढऱ्या चंद्रांचा. मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी. एक संरक्षित, दुसरा सर्वत्र आढळणारा. लिनियसने मिसिपस आणि क्रिसिपस ही जुळणारी नावं ठेवली होती, तरी बागेत दोघींत फरक करायला पंखावरचे ठिपके मोजावेच लागतात.

दुसरं उत्तर गावातलं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. त्या वहीत ‘पिवळं फुलपाखरू’ लिहिलं तर काही सांगितलं असं होत नाही. खाडीकाठची खारफुटी, वाड्या, पाणथळ शेतं यांच्यावर मुंबईचा दाब वाढतो आहे. कोणत्या जागी काय होतं, हे नावानिशी लिहिलेलं नसेल तर उद्या ते होतं असं सिद्ध करणंही अवघड होईल.

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने २७७ फुलपाखरांना मराठी नावं दिली, हे मोठंच काम झालं. हळदीकुंकू हे नाव ऐकल्यावर आंब्यावरच्या बांडगुळाभोवती उडणारं ते पिवळ्या-लाल काठांचं फुलपाखरू लहान मुलालाही पुन्हा विसरता येत नाही. मराठी नाव माणसं जोडतं, शास्त्रीय नाव जगभरच्या नोंदी जोडतं; एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी मागणी करणाऱ्यांशी हे पुस्तक सहमत नाही. आणि नामकरणाचा हक्क आता दूरच्या कुणाकडे राहिलेला नाही. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका कोळ्याला भारतीय संशोधकांनी २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं, २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. हेक्टरच्या बाजूला उभं राहायला हा माणूस कमी नाही.

भारतात तेराशेहून अधिक जातींची फुलपाखरं आहेत. त्या सगळ्यांचा कोश करण्याचा इथे प्रयत्न नाही. पुस्तकाने गोराई, मनोरी, उत्तन हा खाडी आणि समुद्र यांच्यामधला पट्टा आणि पलीकडचं बोरिवलीचं जंगल एवढाच प्रदेश निवडला आहे, आणि तिथे सहज भेटणाऱ्या फुलपाखरांच्या नावांचा माग काढला आहे. मांडणी कुलांनुसार नाही, खाद्यवनस्पतींनुसार आहे. रुई, लिंबू, कढीपत्ता, सापसंद, अशोक, नारळ, टाकळा, पिलू. हा क्रम वर्गीकरणाच्या पंडितांना खटकेल. पण बेल आणि एटकिन यांच्या पद्धतीला तोच धरून आहे, आणि ज्याला झाड ओळखता येतं त्याला फुलपाखरू शोधता येतं.

नावं देवनागरीत लिहिताना ग्रीक-लॅटिन उच्चाराच्या जवळ राहण्याचं धोरण ठेवलं आहे; जिथे इंग्रजी वळणाचा उच्चार मराठीत रुळला आहे तिथे तोच घेतला आहे. प्रत्येक नावापुढे देणाऱ्याचं आडनाव आणि साल आहे, कंसासह. नावामागची कथा जिथे निश्चित कळते तिथेच सांगितली आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून रचलेल्या व्युत्पत्ती टाळल्या आहेत, मग त्या कितीही मोहक असोत. आणि प्रत्येक फुलपाखराच्या अंडी, अळी, कोष यांच्या नोंदीसाठी अर्धं पान कोरं सोडलं आहे. सापसंदाची वेल कुंडीत लावता येते. हेक्टर आसपास असेल तर तो ती शोधून काढतो. मग अंड्याची तारीख, अळीने कात टाकल्याच्या तारखा आणि कोषातून बाहेर पडण्याचा दिवस त्या कोऱ्या अर्ध्या पानावर पेन्सिलने लिहावा, आणि वर्षअखेरीस त्याची एक प्रत आपल्या प्रभागाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्यावी.